पहिलटकर बाबांसाठी नैसर्गिक पालकत्व

प्रथम अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील. मुलगी झाली म्हणून बर्फी वाटा असं कुणी सुचवलं असेल, तर मुद्दाम पेढेच वाटा. तर, तुम्ही मूल नैसर्गिक पद्धतीनं वाढवायचं ठरवलं आहे. हा निर्णय बहुधा सातव्या महिन्यात झाला असणार. रात्रीचे साडेअकरा, तुम्ही पलंगावर आडवे, हातात मोबाइल. शेजारी बायको कुठल्या कुशीवर वळावं या विचारात जागी. ‘आपण ना, सगळं नॅचरल करायचं,’ असं तुम्ही म्हणालात, तिनं ‘हं’ म्हटलं, आणि तुम्ही झोपलात.

इथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही. पुढचं सोपं जावं म्हणून ही मार्गदर्शिका. आयांसाठी अशा मार्गदर्शिका ढिगानं निघतात, शिवाय सोसायटीतली प्रत्येक बाई म्हणजे त्यांची चालतीबोलती आवृत्ती. बाबांच्या वाट्याला हॉस्पिटलच्या फॉर्मवरची सही आणि बाहेरच्या बाकावरचा चहा, एवढंच येतं. खालच्या सूचनांपैकी काही नीट पाळायच्या आहेत आणि काही वाचून सोडून द्यायच्या आहेत. कुठल्या कोणत्या, ते घरचे सांगतील.

आधी थोडं ज्ञान, म्हणजे चारचौघांत बोलता येईल

या पद्धतीचं नाव अटॅचमेंट पेरेंटिंग. ते रुळवलं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ विल्यम सिअर्स आणि त्यांच्या पत्नी मार्था यांनी. मार्थाबाई नर्स. दोघांना मुलं आठ, त्यामुळे त्यांना अनुभव नाही असं म्हणायची सोय नाही. त्यांनी सात सूत्रं दिली, इंग्रजीत सगळी ‘बी’पासून सुरू होणारी. जन्मल्या जन्मल्या बाळ छातीशी घ्या, अंगावर पाजा, अंगाला बांधून हिंडवा, जवळ झोपवा, रडणं ही त्याची भाषा समजा, बाळाला शिस्त लावून देणाऱ्या तज्ज्ञांपासून जपा आणि समतोल राखा. समतोल म्हणजे, बाळाचं करता करता स्वतःचे आणि एकमेकांचे हाल करून घेऊ नका. हे सूत्र सातवं असल्यामुळे तिथवर कुणी पोचत नाही. तोवर बाळ उठलेलं असतं.

अमेरिकेला हे असं सूत्रांत बांधावं लागलं, कारण तिथे आधी नेमकं उलटं शिकवून झालं होतं. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं पालकांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना कवटाळू नका, पापे घेऊ नका, मांडीत बसवू नका, सकाळी उठलं की हस्तांदोलन करा, असा त्याचा सल्ला होता. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी तर त्याआधीच घड्याळ बघून, चार-चार तासांनी पाजायची शिस्त घालून दिली होती. मग १९५८मध्ये हॅरी हार्लोचे माकडांवरचे प्रयोग गाजले. पिलांसमोर त्यानं दोन नकली आया ठेवल्या होत्या. एक नुसत्या तारेची, पण दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापड गुंडाळलेली, कोरडी. पिलं तारेच्या आईकडे पिण्यापुरती जात आणि बाकी सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी याच वाटेनं विचार करत होते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४-५५मध्ये युगांडात कंपालाजवळच्या गावांमध्ये लोकांच्या घरी जाऊन बसत आणि आया-बाळांकडे तासन्‌तास बघत. बाळानं काय मागितलं ते ओळखून त्याला जबाब देणारं माणूस जवळ असलं, की बाळ निर्धास्त होतं आणि निर्धास्त बाळ खुशाल लांबवर रांगत जातं, हे त्यांनी टिपलं. कापड कोणत्या कंपनीचं असावं, याबद्दल त्या काही लिहीत नाहीत.

इथे ‘हे सगळं आपल्या आज्यांना ठाऊकच होतं!’ असं म्हणायची उबळ येईल. ती दाबा, निदान आजी समोर असताना तरी. म्हणालात तर आजी हिशेब मांडायला बसेल. बाळ अंगाखांद्यावर वाढायचं हे खरं, पण त्या अंगाखांद्यांची मोजदाद करा. आत्या, काकू, मावशी, थोरली बहीण, विहिरीवरून येताना डोकावणारी शेजारीण. मांडी रिकामी होईपर्यंत दुसरी पसरलेली असे. त्याच घरात बाळाच्या आईला मात्र पोर रडतंय म्हणून चुलीसमोरून उठायची मुभा सासूच्या नजरेवर असायची. चिकाचं दूध वाईट म्हणून पिळून टाकणारीही घरं होतीच. आणि बापाचं म्हणाल, तर वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलून घेणं पुरुषाला शोभत नसे. तो ओटीवर बसून पानाला चुना लावायचा. तुमच्या आजोबांना तुमच्या वडिलांचं नाव घेऊन लाडानं हाक मारताना कुणी ऐकलंय का, एकदा विचारून बघा.

आता तो वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली, आणि त्या सगळ्या मांड्यांचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईकडे आलं. सोबत पुस्तकही आलं. त्यात लिहिलंय की हे सगळं नैसर्गिक आहे.

साहित्य

तुम्ही चार आकडी किमतीचं, बिनरंगाच्या सेंद्रिय सुताचं, साडेचार मीटर लांब कापड मागवलं आहे. ठीक आहे. जुनी सुती साडीही चालते, पण तिच्याबरोबर माहितीपत्रक येत नाही.

बाकी यादी अशी: दोन-अडीच डझन लंगोट, तेवढीच दुपटी, झबली, टोपडी, एक कुंची. दुपटी नव्या कापडाची शिवू नयेत. नव्या कापडाला खळ असते, ती बाळाला टोचते. आजीची वापरून वापरून सायीसारखी झालेली साडी किंवा आजोबांचं धोतर उत्तम. लंगोटाला नाड्या हव्यात, पिना नकोत. याशिवाय तुमच्यासाठी एक पाट, एक तांब्या, एक इस्त्री आणि दोन जुने टी-शर्ट, ज्यांच्या खांद्यांवर यापुढे कायम फाटलेल्या दुधाचा वास राहील.

बाळ बांधणे

बाळ येण्याआधी पाच किलो तांदळाच्या पिशवीवर सराव करा. पिशवी घसरली तर भात करता येतो. कापड कसं गुंडाळायचं हे दाखवणारे व्हिडिओ आहेत, ते सगळे हसऱ्या माणसांनी केलेले असतात. तुम्हाला घाम फुटेल. गाठ पाठीमागे जाईल आणि तिथेच राहील. पण एवढं नीट बघा: बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे, नाकावर कापड येता कामा नये, हनुवटी छातीत रुतलेली नसावी, मान थोडी झुकवली की तुमचे ओठ त्याच्या टाळूला लागावेत, आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर असावेत. हा भाग विनोदाचा नाही.

मग बाळ बांधून रविवारी सकाळी बागेत जा. लोक थांबतील. ‘किती करतो ना हा!’ असं एक बाई दुसरीला म्हणेल. एक आजोबा हात जोडतील. बायकोला हे घरी आल्यावर सविस्तर सांगायची गरज नाही. ती कालच बाळाला कडेवर, भाजीची पिशवी मनगटाला आणि लिफ्ट बंद, अशी तीन मजले चढून आली, तेव्हा जिन्यात फक्त मांजर होतं. बागेबाहेर बांधकाम चालू असेल, तर दोन खांबांच्या मधे जुन्या साडीची झोळी टांगलेली दिसेल. खडी उचलणारी बाई मधूनच येऊन तिला झोका देऊन जाते. तिला कुणी पद्धतीचं नाव विचारलेलं नाही.

कापडाचा खरा उपयोग रविवारी सकाळी नाहीच. तो आहे संध्याकाळी, तुम्ही ऑफिसातून दमून येता त्या वेळी. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचं रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला शिगेला पोचतं आणि मग हळूहळू उतरतं. जोर संध्याकाळी असतो. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी रडतंय. अशा वेळी बाळ बांधा आणि चालायला लागा. स्वयंपाकघर ते गॅलरी. गाणं येत नसेल तर पाढे म्हणा, एकोणतीसचा पाढा विशेष लागू पडतो कारण तो सावकाश म्हणावा लागतो. ‘अगं, याला भूक लागली असेल बघ’ हे वाक्य बापांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या घोळलेलं आहे. ते उच्चारण्याआधी चाळीस फेऱ्या मारा.

लंगोट

इथे निसर्गाची आणि तुमची खरी गाठ पडणार आहे. म्हणून सावकाश वाचा.

कापडी लंगोट वापरायचा निर्णय तुमचा. पृथ्वीवर कचरा नको, बाळाच्या कातडीला रसायन नको, सगळं बरोबर. आता लहान बाळ दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज ओले करतं, दुपटी वेगळी. शी झालेला लंगोट आधी झटकून, नळाखाली धरून गार पाण्यात टाकायचा. एकदम गरम पाण्यात घातला तर पिवळा डाग पक्का होतो. मग साबण, मग कढत पाणी, मग खळखळून दोन पाण्यांतून काढायचा, कारण साबण राहिला तर बाळाचं ढुंगण लाल होतं. वाळत घालायचा तो कडक उन्हात. उरलेला डाग ऊन खाऊन टाकतं. आपल्याकडे ऊन फुकट आहे, हे तुम्ही तुमच्या मित्रांना सांगितलंही असेल.

पण बाळ जूनअखेरीस झालं आहे. जुलै महिन्यात पुण्यात सूर्य असतो असं पंचांग म्हणतं. गॅलरीत वाऱ्याबरोबर पावसाची झड येते, म्हणून दोऱ्या घरात येतात: पडद्याच्या दांडीपासून बेडरूमच्या बिजागरीपर्यंत एक, देवघराच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दुसरी. आलेला पाहुणा वाकून आत शिरतो. पंखा पाचावर. तिसऱ्या दिवशी लंगोट हाताला वाळल्यासारखा लागतो, पण तो वाळलेला नसतो. कमरेची दुहेरी घडी आणि नाड्यांच्या गाठी आत ओल धरून बसतात. त्या तशाच बांधल्या तर तासाभरात कुबट वास आणि दोन दिवसांत बारीक पुरळ. म्हणून इस्त्री. मधला भाग कुणीही करतं. तुम्ही नाड्या करा. नाडी बोटानं ताणून धरायची, इस्त्रीचं टोक तिच्यावरून टोकाकडे न्यायचं, चर्र आवाज येतो, वाफ उठते आणि तिच्याबरोबर एक आंबूस, गरम वास नाकात जातो. चर्र आवाज थांबेपर्यंत तीच नाडी पुन्हा. एका लंगोटाला चार नाड्या, वीस लंगोटांच्या ऐंशी. पृथ्वी वाचवण्याबद्दल तुमचं जे मत असेल, ते यानंतर अधिक ठाम होईल किंवा बदलेल.

बदललं तर रात्रीपुरता कागदी डायपर घाला. निसर्ग रागवत नाही.

जोडीनं करायचा एक प्रयोग म्हणजे लंगोटाविना शू. अमेरिकेत याला एलिमिनेशन कम्युनिकेशन म्हणतात आणि त्यावर पुस्तकं आहेत. आपल्याकडे न्हाणीच्या दारात बाळाला धरून ‘शूऽऽ’ करतात, त्यावर पुस्तक नाही. बाळाची पाठ तुमच्या पोटाला, तुमचे तळवे त्याच्या मांड्यांखाली, आणि थांबा. वेळ ओळखायची कशी? झोपेतून उठल्यावर, पाजल्यावर थोड्या वेळानं, किंवा हातपाय झाडणारं बाळ एकाएकी स्तब्ध होऊन पंख्याकडे बघू लागलं की. तुम्ही पाच मिनिटं ‘शूऽऽ’ करता, काही होत नाही. बाळाला धुतलेल्या दुपट्यावर ठेवता, होते. त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान असतं. तुमच्या ‘शूऽऽ’मुळे कुणाला झालीच, तर शेजारच्या खोलीत बसलेल्या आजोबांना.

पाजणे

सात सूत्रांमध्ये तुमच्या शरीराला खरोखर न जमणारी गोष्ट ही एकच. त्यामुळे बाबालोक ‘मी तरी काय करणार!’ म्हणून उरलेल्या सहांमधूनही निघून जातात.

माहिती थोडक्यात: पहिल्या तासाभरात छातीशी, चिकाचं दूध अजिबात टाकायचं नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, त्यानंतर मऊ भात, वरण, नाचणी असं एकेक सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावर. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच म्हणणं. सुरुवातीला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. गुणाकार करा: एका खेपेला अर्धा-पाऊण तास.

तुमचं काम तांब्या-भांड्यापासून सुरू होतं. पान्हा फुटला की आईला त्याच क्षणी घसा कोरडा पडावा अशी तहान लागते, आणि तेव्हा तिचे दोन्ही हात अडकलेले असतात. पाणी मागायच्या आत हातापाशी असावं. पाठीला उशी, मोबाइल हाताच्या अंतरावर. पाजून झाल्यावर बाळ तुमच्या खांद्यावर, ढेकर येईपर्यंत. बाळ बघायला आलेली मंडळी खोलीच्या बाहेर, आणि त्यांना बाहेर तुम्ही थांबवायचं, तिनं आतून नाही.

‘दूध पुरतंय ना गं?’ हा प्रश्न तिला विचारायचा नाही. तो तिला दिवसातून दहा जणी विचारतात आणि प्रत्येक वेळी तिच्या पोटात गोळा येतो. उत्तर तुम्हाला स्वतःला काढता येतं. आठवड्याचं बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले करत असेल आणि वजन धरत असेल, तर पुरतंय. लंगोट धुणारा तुम्हीच असल्यामुळे आकडा तुमच्याकडेच असेल.

आणि नाहीच पुरलं, डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं, तर वाटी-चमचा घ्या आणि पाजा. त्या रात्री पुस्तकातला उतारा वाचून दाखवू नका. लस नैसर्गिक नाही असं कुणी सांगेल, त्याला चहाही देऊ नका. देवीचा रोग पूर्ण नैसर्गिक होता.

झोप

सूत्र चौथं: बाळ जवळ. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, खोली एक पण बिछाना वेगळा. आपल्या बहुतेक घरांत बिछाना एकच असतो, कधी खोलीही. काय करायचं ते करा, पण बाळ पाठीवर निजलेलं, गादी टणक, तोंडाजवळ उशी-गोधडी काही नको, आणि सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन स्वतः झोपी जायचं नाही. पार्टीहून आला असाल तर त्या रात्री हॉलमध्ये.

आता मुख्य धडा. रात्री पावणेतीन. बाळ उठतं, बायको उठते, सासूबाई उठतात. तुम्हीही उठून बसता. सासूबाई अतिशय मायेनं म्हणतात, ‘तुम्ही झोपा हो, तुम्हाला सकाळी ऑफिस आहे.’

या वाक्यापुढे भले भले बाबा आडवे झालेले आहेत. त्यात प्रेम आहे, जावयाचा मान आहे, आणि आठ तासांची झोप आहे. वाक्याचा प्रतिकार कसा करायचा? वाद घालू नका. ‘नाही आई, तुम्ही पडा, मी बघतो,’ एवढंच म्हणा आणि पाय जमिनीला लावा. पाय जमिनीला लागणं महत्त्वाचं, कारण पडल्या पडल्या म्हटलेलं ‘मी बघतो’ कुणी धरत नाही. पाजून झालं की बाळ घ्या, लंगोट बदला, खांद्यावर टाका, हॉलमध्ये जा. दार लोटून घ्या. पुढचा तास बाळाच्या आईचा. सकाळी ऑफिसात डोळे मिटतील. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंचे गेलं वर्षभर मिटत होते, तेव्हा तुम्हाला त्या कामात ढिल्या वाटल्या होत्या.

सल्ले आणि सल्लागार

बारशापर्यंत घरात एवढे तज्ज्ञ येतील की सिअर्स दांपत्याला बसायला जागा उरणार नाही. नियम सोपा आहे. मालीश, चालेल. पायांवरची अंघोळ, जरूर. दृष्ट काढणं, काढू द्या: मीठ-मोहऱ्या ओवाळल्यानं बाळाला काही होत नाही आणि आजीला रात्रभर शांत झोप लागते. गालावर तीट लावा, डोळ्यांत काजळ नको. ओव्याची, बाळंतशेपाची धुरी बाळाच्या खोलीत नको. नाका-कानात तेल नको. गुटीची सहाण धुऊन कपाटात ठेवा, आणि वर्षाच्या आत मधाचं बोट तर मुळीच नाही. मध शंभर टक्के नैसर्गिक असतो आणि त्यातून तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

हे ‘नको’ म्हणायचं कुणी? आपापल्या आईला आपण. तुमच्या आईला सुनेनं सांगितलं तर ते दिवाळीपर्यंत पुरतं. तुम्ही सांगितलंत तर ती ‘फार शहाणा झालास’ म्हणेल आणि संध्याकाळी तुमच्या आवडीची भाजी करेल.

पायांवरची अंघोळ मात्र मालीशवाल्या मावशींकडून शिकून घ्या. त्या सव्वा महिन्यानंतर येणार नाहीत. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, बाळ दोन नडग्यांच्या खळीत पालथं, डोकं तुमच्या पावलांच्या बाजूला आणि मान वळवलेली. पाणी कोपरानं बघायचं. तळहाताला सोसतं ते बाळाला पोळतं. मावशी एका हातानं तांब्या आणि दुसऱ्यानं बाळ असं दहा मिनिटांत उरकतात. तुमच्या पोटऱ्यांना पहिल्याच दिवशी गोळे येतील, पाय आखडता येणार नाहीत, आणि तेलकट बाळ धरायला कुठेच कोपरा नसतो हे तेव्हा कळेल. मावशी दारात उभ्या राहून बघतील. हसतीलही. गेली कित्येक वर्षं त्या घरोघरी अंघोळी घालताहेत, पाटावर बसलेला बाप त्यांच्या पाहण्यात नसेल.

रजा

कायद्यानं आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७पासून. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. घेतले, तर मागे अठरा उरतात. सहा महिने निव्वळ अंगावर पाजायचं म्हणजे २६ आठवडे. वजाबाकी तुम्हीच करा. केंद्र सरकारी नोकर असाल तर बापाला १५ दिवस. खासगी नोकरीत कायदा बापाबद्दल काही म्हणत नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे. मिळतील ते दिवस घ्या, पण सगळे पहिल्या आठवड्यात उधळू नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं आणि तुम्हाला चहा करण्यापलीकडे काम मिळत नाही. मावशी गेल्या, सासूबाई गेल्या, सगळे गेले की घ्या.

रजेत बाळाला घेऊन गावाला निघालात, तर एसटी स्टँडवर पाजायला हिरकणी कक्ष असतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण सगळ्यांना ठाऊक आहे. बुरूज तिच्या नावाचा, कक्ष तिच्या नावाचा, गाडीही तिच्या नावाची. त्या संध्याकाळी बाळाचे वडील काय करत होते, हे कथा सांगताना कुणी विस्तारानं सांगत नाही. तुम्ही स्टँडवर एकटे बाळ घेऊन असाल, तर लंगोट बदलायला बाकडं शोधा. पुरुषांच्या मुतारीत तशी सोय केलेली आढळत नाही.

शंका

बाळ माझ्याकडे येतच नाही, आईच हवी असते. — येईल. १९६४ साली ग्लासगोमधल्या साठ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईस्तोवर त्यांतल्या तीन चतुर्थांश बाळांना बापाचा लळा लागलेला होता. आणि लळा पाजणाऱ्याचाच लागतो असं दिसलं नाही. हाकेला ओ देणाऱ्याचा लागतो.

मला कंटाळा येतो. — तिलाही येतो.

मी हे सगळं नीट केलं नाही तर? — इंग्रज बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली ‘पुरेशी चांगली आई’ अशी कल्पना मांडली. आई परिपूर्ण असायची गरज नाही, हळूहळू थोडी कमी पडत गेलेलीच बरी. बापाच्या कमी पडण्याबद्दल वेगळं प्रमाणपत्र त्यांनी दिलेलं नाही, पण तेच वापरायला हरकत नसावी.

दूध सोडवणे, आणि उरलेलं सामान

दोनएक वर्षांनी हा प्रसंग येतो. पूर्वी कडुनिंबाचा पाला वाटून लावायचे. नका लावू. जुन्या उपायांपैकी एक मात्र अजून चालतो: मुलाला आईपासून काही रात्री दुसऱ्याकडे निजवायचं. दुसरं म्हणजे तुम्ही. पहिल्या रात्री आकांत, दुसऱ्या रात्री थोडा कमी, तिसऱ्या रात्री पाणी मागितलं जातं, गोष्ट मागितली जाते, तीच गोष्ट पुन्हा मागितली जाते. या कामासाठी तोवर तुमची थोडी ओळख झालेली असावी लागते. नसेल तर मूल अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघेल, आणि ते बरोबरच असेल.

यानंतर सामान आवरा. साडेचार मीटरचं कापड ऑफिसातल्या पुढच्या पहिलटकराला द्या, पुस्तकंही द्या, पान दुमडलेलं असेल ते सरळ करून. झबली बहिणीकडे जातील. तांब्या परत देवघरात. लंगोट कुणाला देऊ नका. दोन वर्षं उकळून, पिळून, इस्त्री करून झालेलं ते कापड गाडीच्या काचा पुसायला एक नंबर असतं. नाड्या तेवढ्या कापून टाका, पुसताना मधे येतात.